बर्फघरातली थल्जा

मी थल्जा बोलतेय. हे नाव माझ्या आईने ठेवलेलं नाही. आमच्यात नावं नसतात, वास असतो. नाव ठेवलं इथल्या माणसांनी. अरबीत थल्ज म्हणजे बर्फ. जातीने मी ध्रुवीय कोल्हीण, तुमच्याकडे माळावर फिरणाऱ्या खोकडीची लांबची बहीण. अंगाने मांजरीपेक्षा थोडी मोठी, कान आखूड, तळपायालासुद्धा केस, आणि शेपूट अशी झुपकेदार की ती नाकावर ओढून घेतली की बाहेर कितीही थंडी असो, मला झोप लागते. राहते अबुधाबीबाहेर, मुसफ्फाच्या वर्कशॉपांच्या पलीकडे, एका खासगी प्राणीघरात. वाळवंटात बर्फातली कोल्हीण म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. मलाही पहिली काही वर्षं ते खरं वाटत नव्हतं.

मी जन्मले तिथे झाडं नव्हती. नजर पोचेल तिथपर्यंत करडा माळ, आणि वर्षातला बराच काळ त्यावर बर्फ. आमचं बीळ पिढ्यान्‌पिढ्या वापरातलं होतं. कितीतरी आयांनी तिथे पिल्लं वाढवली होती, आणि त्यांनी खाऊन टाकलेली हाडं, पिसं त्या मातीत मुरली होती. त्यामुळे उन्हाळ्यात सगळा माळ रुक्ष असला तरी आमच्या बिळावर तेवढं हिरवंगार गवत उगवायचं. वडील दूरवरून परत येताना त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत यायचे.

शिकार आम्ही डोळ्यांनी करत नाही, कानांनी करतो. बर्फाच्या खाली लेमिंग नावाचे उंदरासारखे गुबगुबीत प्राणी बोगदे करून राहतात. आई मान तिरकी करून उभी राहायची. पायाखाली कुठेतरी नख खरवडल्याचा आवाज यायचा. मग ती उंच उडी घ्यायची आणि नाकावर पडत बर्फात घुसायची. वर नुसती शेपूट दिसायची. उन्हाळ्यात पक्ष्यांची अंडी, लहान पक्षी मिळतील तेवढे पळवायचे आणि जमिनीत पुरून ठेवायचे, हिवाळ्यासाठी. पुरलेलं कुठे आहे ते आम्ही विसरत नाही. हिवाळा फारच कडक झाला तर पांढऱ्या अस्वलाच्या मागे मागे चालायचं. त्याने टाकलेलं उष्टं खायचं, पण त्याच्या पंज्यापासून चार उड्या लांब राहून.

एवढंच माझं शिक्षण झालं. पहिल्याच उन्हाळ्यात बिळाजवळ मासळीचा वास आला आणि मी वासामागे गेले. पिंजऱ्याचं दार पडलं. आई बराच वेळ भोवती फिरत राहिली. माणसं आली तेव्हा ती लांब जाऊन बसली, आणि गाडी सुरू झाल्यावर तिचं भुंकणं गाडीच्या आवाजात बुडून गेलं.

मला नेलं ते कोल्ह्यांच्या वाड्यावर. तिथे जाळीच्या पिंजऱ्यांच्या रांगा होत्या आणि कोल्हे कातड्यासाठी वाढवले जायचे. शेजारच्या पिंजऱ्यात एक नर होता. त्याचा जन्म तिथलाच; पायाखाली जाळी आणि डोक्यावर पत्रा, यापलीकडे त्याने काही पाहिलं नव्हतं. पुढे एका व्यापाऱ्याला जोडी हवी होती, म्हणून आम्ही दोघं कातडीसह वाचलो. विमानातून उतरवलं तेव्हा आमच्या पेट्या थोडा वेळ उघड्यावर ठेवल्या होत्या. ऊन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आमच्या देशात ऊन अंगावर येतं आणि सरकतं. इथे ते अंगावर बसतं.

त्या नराचं नाव इथे कुतुब पडलं, म्हणजे ध्रुव. ज्याने ध्रुव कधी पाहिला नाही त्याचं हे नाव.

प्राणीघरात आमच्यासाठी काचेचा हॉल होता. भिंतीत मोठाली थंडीची यंत्रं, छतातून भुसभुशीत बर्फ पाडायची सोय, प्लास्टिकचे खडक. बाहेर माणसं टी-शर्टात उभी असायची आणि आत आम्ही. सकाळी दिवे लागायचे ते प्राणीघर बंद होईपर्यंत. बारा महिने तेच. तिथेच आमची गडबड झाली. आमचं अंग हिवाळ्यात पांढरं होतं आणि उन्हाळ्यात तपकिरी, आणि हे आमच्या कातडीला उजेड सांगतो. दिवस लहान झाला की पांढरे केस येतात. इथे दिवस लहान होतच नव्हता. मी अर्धी मळकट, अर्धी डागाळलेली, अशी वर्षानुवर्षं राहिले.

"अरे, हा तर पोस्टरवर पांढराशुभ्र होता," एक बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "आजारी आहे की काय? चल, वेदांगला जवळ नको नेऊस."

कुतुबला या हॉलमध्ये मी उड्या शिकवल्या. मान तिरकी करायची, ऐकायचं, उडायचं. बर्फाखाली फरशी होती आणि फरशीखाली यंत्रांची घरघर. तरीही तो उडायचा, नाक आपटून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा, जमलं का म्हणून. माणसं टाळ्या वाजवायची. मी त्याला कधी कळू दिलं नाही की खाली कुणी नाही.

मग मुग्धा आली. मुंबईत शिकलेली जनावरांची डॉक्टर. तिचा नवरा श्रीनाथ मुसफ्फात एअरकंडिशनिंगचं काम करायचा. आमच्या यंत्रांची देखभाल त्याच्याच कंपनीकडे होती. त्यानेच तिला इथल्या जागेबद्दल सांगितलं. पहिल्या दिवशी ती काचेजवळ मांडी घालून बसली, आमच्याकडे पाठ करून. पाठ करून बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्यात त्याचा अर्थ होतो, मी तुला खायला आलेलो नाही.

थोड्याच आठवड्यांत तिने मॅनेजर रुहानला गाठलं.

"रुहानसाब, इन दोनों को मौसम का पता ही नहीं चलता. सालभर एक जैसा उजाला है. लाइट टायमर पे डालते हैं. सर्दी में कम, गर्मी में ज्यादा, उनके देश जैसा."

"मॅडम, पब्लिक टिकट लेके अंधेरा देखने आएगी क्या?"

"पूरा अंधेरा नहीं. हल्की नीली लाइट रखेंगे. एक सीझन ट्राय करते हैं."

"एक सीझन," रुहान म्हणाला. "उसके बाद खलास."

त्या वर्षी दिवस हळूहळू लहान होत गेला. मला आधी पायांत कळलं, काहीतरी जुनं जागं झाल्यासारखं. मग पोटाखाली, मग मानेवर केस दाटले. एके सकाळी दिवे लागले तेव्हा समोर कुतुब उभा होता, नाकाची काळी टिकली सोडली तर अख्खा पांढरा. तो स्वतःच्या शेपटीकडे वळून वळून बघत होता. मी त्याच्याभोवती गोल गोल धावले. तो हिवाळा आमचा होता. खोटा असेल, पण आमचा होता.

दिवस पुन्हा मोठा होऊ लागला तेव्हा माझ्या पोटात पिल्लं राहिली.

चार झाली. गडद तपकिरी, डोळे मिटलेली, मुठीत मावतील एवढी. मुग्धाने खडकामागे लाकडी खोकं ठेवलं होतं, त्यात मी त्यांना घेऊन पडून राहायचे. कुतुबला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण आपल्या वाटचं मांस तो एक घासही न खाता खोक्याच्या तोंडाशी आणून ठेवायचा आणि मी खाईपर्यंत बाजूला बसायचा. पिल्लं बाहेर यायला लागली तेव्हा सगळी त्याच्या शेपटीला लटकायची. धाकटी सगळ्यांत बारीक, पण शेपटीचं टोक तिलाच हवं असायचं.

सुट्टीच्या दिवशी मुग्धा लेकीला घेऊन यायची. ओवी तिचं नाव, असेल दहा वर्षांची.

"आई, कॅन आय नेम देम?"

"नको गं. नावं ठेवली की आपली वाटायला लागतात."

"दे आर ऑलरेडी अवर्स."

मुग्धाला तोवर कळलं होतं. रुहानकडे विचारणा सुरू झाली होती. कुणाला व्हिलामध्ये ठेवायला हवं होतं, कुणाला मुलीच्या वाढदिवसाला.

"ये बिल्ली के बच्चे नहीं हैं," ती त्याला म्हणाली. "मैं हेल्थ सर्टिफिकेट पे साइन नहीं करूँगी."

"आप नहीं करेंगी तो दूसरा डॉक्टर करेगा, मॅडम."

त्या दुपारी ती श्रीनाथशेजारी काचेबाहेर उभी होती. तो यंत्र तपासायला आला होता. "दिवे मी लावले, श्री," ती म्हणाली. "मी नसते लावले तर ही झालीच नसती. विकायला जन्माला घातली मी यांना."

"तू त्यांना बरं वाटावं म्हणून केलंस."

"त्यांना बरं वाटलं. आता पुढे काय?"

श्रीनाथच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. दोनांतलं एक यंत्र बंद होतं आणि दुसऱ्यावर सगळा भार होता. त्याने रुहानला दोनदा सांगितलं होतं. रुहान म्हणाला होता, ईदची गर्दी ओसरू दे, मग हॉल बंद ठेवून करू.

ऑगस्टमध्ये, प्राणीघर उघडायच्या आधीच, ते दुसरं यंत्र बंद पडलं.

आधी घरघर थांबली. इतक्या वर्षांत ती कधी थांबली नव्हती, म्हणून त्या शांततेनेच मी दचकून उठले. मग छतातून पाणी टपकायला लागलं. सकाळची माणसं आली तेव्हा बर्फाचा चिखल झाला होता आणि काचेतून ऊन आत उतरलं होतं. त्यांनी धावपळ करून बर्फाच्या लाद्या आणल्या, फोडून आत टाकल्या. कुणीतरी मुग्धाला फोन लावला. ती शहरातून निघाली होती, पण रस्त्यावर अपघात झाला होता आणि गाड्या तुंबल्या होत्या.

मी खोक्यात पिल्लांवर पसरले होते, जीभ बाहेर काढून. पिल्लं धापा टाकत होती. कुतुबने बर्फाचा एक तुकडा तोंडात धरला, खोक्यापाशी आणला आणि ठेवला, रोज मांस ठेवायचा तसा. मग परत गेला. पुन्हा आणला. आमच्या जातीने गरमीत पळू नये. पळालं की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. मी त्याला हाक मारली, इथे ये, पड. तो ऐकत नव्हता. पिल्लं ते तुकडे चाटत होती, त्यांवर पोट टेकून पडत होती, आणि ते विरघळले की तो पुढचा आणत होता. त्याचं चालणं वाकडं व्हायला लागलं तरी तो आणत होता.

मुग्धा आणि श्रीनाथ बरोबरच पोचले. श्रीनाथ माणसं घेऊन थेट यंत्राकडे गेला. मुग्धा दार उघडून आत आली, बूट न काढता, चिखलातून. तोपर्यंत कुतुब खोक्याच्या तोंडाशी आडवा झाला होता. त्याच्या दातांत बर्फ होता आणि तो अजून वितळायचा होता.

तिने आम्हाला खोक्यासकट उचलून तिच्या दवाखान्याच्या गार खोलीत नेलं. पिल्लं जगली. कुतुबला तिने टॉवेलात गुंडाळलं. तिचा हात त्याच्या मानेवर बराच वेळ होता. यंत्र संध्याकाळी सुरू झालं.

त्यानंतर प्राणीघराचा मालक आला. त्याला सगळे अरबाब म्हणत. म्हातारा माणूस, काठी टेकत चालणारा, प्राणीघरात फारसा न फिरकणारा. तो दवाखान्याच्या दारात उभा राहून आम्हाला बघत राहिला. रुहान मागे फाइल घेऊन उभा होता.

"ये किधर का है?" अरबाबने विचारलं.

"नॉर्थ का, अरबाब. बहुत नॉर्थ. बर्फ का मुल्क."

"तो उधर भेजो."

"अरबाब, बायर लोग—" रुहान बोलायला लागला.

"खलास," म्हातारा म्हणाला. "बर्फवाला कमरा भी बंद करो." आणि तो गेला.

मुग्धाने उत्तरेकडच्या एका देशात जागा शोधून काढली. मोठं कुंपण घातलेलं खरं रान, खरा बर्फ. माणसांच्या तावडीतून सोडवलेल्या आमच्या जातीच्या प्राण्यांसाठी. तिकडच्या लोकांनी आम्हा सगळ्यांची तपासणी मागितली. तिने मला बेशुद्ध केलं, छातीच्या, रक्ताच्या काय काय तपासण्या केल्या. शुद्धीवर आले तेव्हा ती श्रीनाथशी हळू आवाजात बोलत होती.

"हिचं हृदय कमजोर झालंय. त्या दिवसाच्या गरमीने असेल, वयाने असेल. एवढा प्रवास झेपायचा नाही. ते म्हणतात, चार पिल्लं पाठवा."

"मग पुढच्या वर्षी हिला..."

"पुढच्या वर्षी ही अजून म्हातारी असेल, श्री. ती तिथली आहे. एकटी तीच तिथली आहे, आणि तिलाच जाता येणार नाही." मग ती म्हणाली, "सगळ्यांना इथेच ठेवलं तर?"

"कुठे ठेवशील? हॉल बंद होणार. या खोलीत पाच जण? आणि उद्या अरबाबचं मन बदललं तर?"

ती रडली नाही. भांड्यातलं पाणी बदलून ती गेली.

बाहेरची हवा निवायला लागली तेव्हा तिकडची माणसं पेट्या घेऊन आली. पिल्लं तोवर माझ्याएवढी उंच झाली होती. मुग्धाने खोलीतही दिवे टायमरवर ठेवले होते, म्हणून त्यांच्या पोटांवर पांढरे केस उगवायला लागले होते. मुग्धाने त्यांना एकेक करून पेटीत घातलं. धाकटीला उचलताना मी तिच्या हाताला कडकडून चावले. तिने हात मागे घेतला नाही. पिल्लू पेटीत ठेवलं, दार लावलं, मग हात बघितला.

ओवी दारात उभी होती. "डझ शी नो?" तिने विचारलं.

"कळत असेल," मुग्धा म्हणाली.

मला कळलं नव्हतं. मला वाटलं, पिल्लं शिकारीला गेली. आमच्यात पिल्लं या वयाची झाली की लांब लांब जातात, पण भूक लागली की सुरुवातीला परत येतात. म्हणून मी माझ्या ताटलीतलं मांस वेगळं काढायला लागले. थोडं खोक्याखाली, थोडं पाण्याच्या टाकीमागे, थोडं घोंगडीच्या घडीत. मुग्धाला ते दुसऱ्या दिवशीच सापडलं. तिने साफसफाईवाल्याला हात लावू दिला नाही. पण मांसाला वास सुटला, माश्या आल्या, आणि मग तिने स्वतः गुडघ्यांवर बसून ते एकेक काढलं. मी पुन्हा पुरलं. तिने पुन्हा काढलं. असं आमचं बरेच दिवस चाललं, एकमेकींवर न रागावता.

एक दिवस ओवी आणि ती दोघी माझ्या खोलीत येऊन बसल्या. दोघींचे डोळे लाल होते.

"यू हॅव टू टेल हर," ओवी म्हणाली.

"तिला कसं सांगणार गं मी?"

"मराठीत सांग. शी नोज मराठी. तू रोज तिच्याशी मराठीतच बोलतेस."

मुग्धा माझ्याकडे वळली. "थल्जा," ती म्हणाली, "पिल्लं पोचली. तिघं पोचली. मस्त आहेत, बर्फात लोळतात, उड्या मारतात. फोटो आलेत." मग तिने ओवीचा हात धरला. "धाकटी विमानात गेली गं. का ते कळलं नाही त्यांना. झोपल्यासारखी होती म्हणाले. मला माफ कर."

शब्द मला किती कळतात ते मी सांगू शकत नाही. पण माणसाच्या आवाजातला वास मला कळतो. मी उठले आणि तिच्या मांडीला लागून बसले. आजवर मी कुठल्याच माणसाला लागून बसले नव्हते. तिने हात ठेवला नाही, तसाच राहू दिला, म्हणून मी तिथेच राहिले. त्यानंतर मी मांस पुरायचं सोडलं.

याला आता दोन हिवाळे झाले. काचेच्या हॉलमध्ये मुलांसाठी घसरगुंड्या आहेत. त्यांचं हसणं कधीकधी इथवर ऐकू येतं. मी दवाखान्यामागच्या छोट्या गार खोलीत असते. श्रीनाथने बसवलेली दोन यंत्रं आहेत, आणि दर आठवड्याला तो स्वतः येऊन दोन्हींना कान लावून जातो. ताटलीतलं सगळं आता मला संपत नाही. चार पावलं चालले तरी छाती धडधडते.

श्रीनाथला पुण्यात चांगलं काम मिळालंय. ओवीचीही शाळा बदलायची वेळ आली आहे. तो दारात उभा राहून विचारतो, "काय ठरवतेस?" आणि मुग्धा म्हणते, "बघू. या सीझननंतर." मागच्या सीझनलाही ती हेच म्हणाली होती. ती कुणासाठी थांबली आहे ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

तुमच्याकडे माझं फार मागणं नाही. कुठे कुणी आमचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायला बोलावलं तर जाऊ नका. तुम्ही गेला नाहीत तर ते पिल्लू आईजवळ राहण्याची थोडी तरी आशा आहे.

आणि मुग्धा भेटली तर तिला सांगा, सामान बांधायला घे म्हणावं. तिला वाटतं मी तिच्या आधाराने तग धरून आहे. खरं म्हणजे मीच तिच्यासाठी थांबले आहे. रोज दारातून तिचा वास आला की वाटतं, आज नको, तिला वाईट वाटेल. आम्ही दोघी एकमेकींसाठी थांबलो आहोत, आणि दोघींनाही आता निघायला हवं.